क्वचित वापरले जाणारे जुने पिस्तूल : ठेवावे की विकावे?

कपाटाच्या तळाशी कापडात गुंडाळलेले एक जुने पिस्तूल असते. ते वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेले असते, किंवा कधीकाळी नेमबाजीच्या हौसेने स्वतःच विकत घेतलेले असते. गेल्या कित्येक वर्षांत त्यातून एकही गोळी सुटलेली नसते, परवान्याचे नूतनीकरण तेवढे सवयीने होत राहते आणि मधूनच घरात विषय निघतो की, हे आता ठेवायचे कशाला? कोणी किमतीचा अंदाज सांगतो, कोणी गेलेल्या माणसाची आठवण काढतो आणि पिस्तूल पुन्हा कापडात जाते. शस्त्रांची फारशी माहिती नसताना ज्यांच्यावर हा निर्णय घेण्याची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पिस्तूल ठेवायचे असेल, तर ते ठेवण्याचे काम पत्करावे लागते; त्या कामाची तयारी नसेल, तर ते कितीही जिव्हाळ्याचे असले तरी योग्य हाती सोपवावे. या दोन्ही वाटांवर पहिल्या काही पायऱ्या सारख्याच आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

पहिली पायरी : पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करणे

किंमत, कागदपत्रे, आठवणी हे सगळे नंतर. पिस्तूल हातात घेण्याआधी ते भरलेले आहे असेच समजावे, मग घरातील कोणीही ते रिकामे असल्याचे शपथेवर सांगितले तरी. नळीचे तोंड अशा दिशेला ठेवावे की चुकून बार उडालाच, तर कोणालाही इजा होणार नाही, आणि बोट चापापासून दूर, बाजूला सरळ ठेवावे. मॅगझीन (बहुधा मुठीत बसणारी काडतुसांची डबी) असलेल्या पिस्तुलात आधी मॅगझीन काढावे आणि त्यानंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग, पूर्ण मागे ओढावी. हा क्रम उलटा झाला, तर चेंबरमधले (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतले) काडतूस बाहेर पडते खरे, पण स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मॅगझीन नंतर काढले, तरी ते काडतूस आतच राहते आणि हातातले पिस्तूल रिकामे वाटत असताना भरलेले असते. पुष्कळ अपघात नेमके याच गैरसमजातून झालेले आहेत. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये उजेडात पाहावे आणि करंगळीचे टोक आत घालून स्पर्शानेही खात्री करावी; जुन्या, काळवंडलेल्या चेंबरमध्ये काळे पडलेले काडतूस नजरेला सहज चकवते.

काही पिस्तुलांत मॅगझीन काढल्यावर चाप निष्क्रिय होतो. १९३५ सालच्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये अशी योजना आहे. त्याआधीच्या, १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या कोल्टमध्ये ती नाही. आपल्या हातातल्या पिस्तुलात काय आहे हे नवख्या माणसाला बाहेरून कळत नाही, म्हणून त्या भरवशावर राहू नये.

रिव्हॉल्व्हरचे उघडणे तीन प्रकारचे असते. बहुतेकांचे सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरे असलेले फिरते नळकांडे, एका बाजूला बाहेर येते. वेब्लीसारखी जुनी रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मोडून उघडतात आणि उघडताना पुंगळ्या (काडतुसांची धातूची कवचे) आपोआप वर उचलल्या जातात. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शनमध्ये (प्रत्येक बारासाठी घोडा हाताने मागे ओढावा लागतो अशा रिव्हॉल्व्हरमध्ये) आणि त्याच्या धर्तीवर बनलेल्या शस्त्रांत बाजूला एक लहानशी झडप असते आणि प्रत्येक घर त्या झडपेसमोर आणून एकेक काडतूस काढावे लागते. अशा शस्त्रात एकूण घरे किती आहेत ती मोजावीत आणि तितकीच घरे पाहून झाली याची खात्री करावी.

गंजामुळे काही हलतच नसेल, तर जोर लावू नये, ठोकू नये आणि आत तेल ओतून वाट पाहत बसू नये. नळी सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल जागेवरच असू द्यावे आणि परवानाधारक शस्त्र-कारागिराला किंवा पोलिसांना दूरध्वनी करून काय करायचे ते विचारावे. न कळवता, पिशवीत पिस्तूल घालून पोलीस ठाण्यात जाऊन उभे राहणे सर्वांच्याच दृष्टीने धोक्याचे आहे.

दुसरी पायरी : कागद

परवान्यावरचे नाव, शस्त्राचा क्रमांक, त्याचा प्रकार आणि कॅलिबर (नळीच्या व्यासावरून दिलेले काडतुसाचे माप) हे सर्व शस्त्रावर कोरलेल्या मजकुराशी अक्षरशः ताडून पाहावे. जुन्या नोंदींत एखादा आकडा चुकलेला असतो आणि ती चूक नेमकी विक्रीच्या दिवशी उघडकीला येते. शस्त्र वारशाने आले असेल, तर लक्षात ठेवावे की परवाना व्यक्तीला मिळालेला असतो आणि बहुतेक ठिकाणी मालकाच्या मृत्यूनंतर तो वारसाकडे आपोआप जात नाही. शस्त्र कळवण्याची, जमा करण्याची किंवा नवा परवाना मागण्याची मुदत ठरलेली असते. ती आपल्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारून लेखी घ्यावी. नियम देशागणिक इतके बदलतात की, एका ठिकाणचा सल्ला दुसऱ्या ठिकाणी गुन्हा ठरू शकतो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ साली किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र सर्वसाधारणपणे पुरातन मानले जाते आणि त्याला बरीच मोकळीक मिळते. हे वाचून दुसऱ्या देशातल्या माणसाने आपल्या आजोबांचे रिव्हॉल्व्हर परवान्याविना ठेवले, तर तो अडचणीत येईल. क्रमांक खरवडलेला दिसला किंवा कागद मुळीच सापडले नाहीत, तर पुढे काहीही करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

तिसरी पायरी : हे नेमके आहे तरी काय?

एका वहीत शस्त्रावरचा सर्व मजकूर जसाच्या तसा उतरवावा : निर्मात्याचे नाव, मॉडेल, कॅलिबर, क्रमांक आणि नळीजवळ दिसणारी मुकुटासारखी किंवा अक्षरांची बारीक चिन्हे. ही चिन्हे शोभेची नसतात. शस्त्र नेहमीपेक्षा अधिक दाबाच्या काडतुसाने तपासून झाल्याची ती खूण असते. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ चे आहे आणि या तपासण्यांचे आंतरराष्ट्रीय मंडळ १९१४ साली बेल्जियममधील लिएज येथे सुरू झाले. ही चिन्हे ओळखणारा माणूस त्यावरून शस्त्र कुठे तपासले गेले, साधारण कोणत्या काळात आणि पुष्कळदा काडतुसातल्या कोणत्या स्फोटक दारूसाठी, हे सांगू शकतो.

दारूचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने १८८४ साली धूरविरहित दारू तयार केली. त्याआधीची शस्त्रे काळ्या दारूच्या कमी दाबासाठी घडवलेली होती. अशा शस्त्रात आधुनिक काडतूस नीट बसले, तरी ते उडवणे जिवावर बेतू शकते.

कॅलिबरच्या नावावरही विसंबू नये. .३८ स्मिथ अँड वेसन आणि .३८ स्पेशल ही नावे ऐकायला सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण पहिल्याची पुंगळी आखूड आणि किंचित जाड असते आणि दोन्ही एकमेकांच्या जागी वापरायची नसतात. सोव्हिएत माकारोव्ह पिस्तुलाचे काडतूस आणि जगभर चालणारे नऊ बाय एकोणीसचे काडतूस, दोन्हींना लोक ‘नाइन एमएम’च म्हणतात; त्यांतली माकारोव्हची गोळी प्रत्यक्षात थोडी जाड असते. घरात पिस्तुलासोबत सापडलेली काडतुसे त्याच पिस्तुलाची आहेत असे गृहीत धरण्याचे काहीच कारण नाही.

चौथी पायरी : घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह आवरणे

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते आणि ते कधीच भरून निघत नाही. जुन्या पिस्तुलाचा निळसर-काळा रंग हा वरून लावलेला रंग नसतो. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम घडवून आणलेला तो ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. साध्या पॉलिश कागदाने दहा मिनिटे घासले, तरी तो जातो. माझ्या मामांच्या पश्चात त्यांचे .३२ चे रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आले, तेव्हा त्याच्या नळीवर तपकिरी ठिपके होते आणि मी ते एका दुपारी बसून प्रेमाने साफ केले. ठिपके गेले. त्यांच्याबरोबर नळीवरच्या अक्षरांच्या कडा गेल्या, चौकटीचे (सगळे भाग ज्यात बसतात त्या मुख्य सांगाड्याचे) कोन गोलसर झाले आणि स्क्रूच्या खाचा चुकीच्या पेचकसाने पसरल्या. नंतर एका जाणकाराने ते उजेडात तिरके धरले, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता खाली ठेवले. मामांचा हात ज्या मुठीवर वर्षानुवर्षे पडला होता, तिथली नैसर्गिक झीज मूल्यवान होती. माझी एका दुपारची झीज हे निव्वळ नुकसान होते.

संग्राहक मूळ थर किती टक्के शिल्लक आहे ते पाहतात आणि त्यावर किंमत ठरते. नव्याने काळे करून घेतलेले पिस्तूल सामान्य माणसाला नवे दिसते, पण संग्राहकाला ते बहुधा नकोसे होते. सुट्या भागांचेही तसेच आहे. जर्मन लुगर पिस्तुलाच्या अनेक लहान भागांवर मुख्य क्रमांकाचे शेवटचे आकडे कोरलेले असतात आणि ते सर्व जुळत असतील, तर त्या पिस्तुलाची प्रत वेगळीच मानली जाते. म्हणून झिजलेला भाग बदलावाच लागला, तर जुना भाग फेकू नये. चिठ्ठी लावून पाकिटात घालून ठेवावा. जुने होल्स्टर (पिस्तूल कमरेला अडकवण्याचे म्यान), मूळ खोका, खरेदीची पावती, कोणाचा तरी गणवेशातला फोटो, एखादे पत्र या सर्व वस्तू पिस्तुलाइतक्याच जपाव्यात. काही निर्माते जुन्या क्रमांकावरून शस्त्र केव्हा आणि कोणत्या स्वरूपात कारखान्यातून बाहेर पडले, याचे पत्र शुल्क घेऊन देतात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्या शस्त्रांसाठी अशी सोय आहे.

मग करावे काय? कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी आणि बाहेरच्या धातूवर शस्त्रासाठीच्या हलक्या तेलाचा एक पुसट हात द्यावा. इतकेच. निकेलचा मुलामा असेल, तर अमोनिया असलेले द्रव वापरू नये. ते मुलाम्याखाली शिरून तो उचलतात. मुठीवर हस्तिदंत असेल, तर तिला हात लावण्याआधी आणि विकण्याआधी तर नक्कीच, वन्यजीव व्यापाराचे नियम तपासावेत, कारण हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत.

पाचवी पायरी : जाणकाराकडून तपासणी

ठेवायचे असो वा विकायचे, एकदा परवानाधारक कारागिराकडून पिस्तूल तपासून घ्यावे आणि निष्कर्ष लेखी घ्यावा. नळीत खड्डे आहेत का, कुठे फुगवट्याची कडी आहे का, चौकटीला किंवा स्लाइडला चीर आहे का, मागे ओढून अडकवलेला घोडा अंगठ्याने ढकलल्यास सुटतो का, रिव्हॉल्व्हरचे प्रत्येक घर नळीशी नेमके जुळून अडकते का, स्प्रिंगा थकल्या आहेत का, हे तो पाहतो. त्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा : हे शस्त्र भरलेल्या अवस्थेत पडले, तर बार उडू शकतो का? अनेक जुन्या रचनांत याचे उत्तर ‘हो’ असे असते. जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची सुई थेट काडतुसाच्या टोपीवर (मागच्या बाजूच्या, ठोक्याने पेटणाऱ्या भागावर) टेकलेली असते, म्हणून सहा घरांच्या शस्त्रात पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवण्याची रीत पडली. रुगर कंपनीने १९७३ साली आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये हा धोका टाळणारी रचना आणली आणि त्याआधीच्या शस्त्रांत ती विनामूल्य बसवून देण्याची सोय ठेवली. कोल्टच्या १९११ प्रकारात फायरिंग पिन (टोपीवर आदळणारी सुई) अडवणारी रचना १९८३ मध्ये, ‘सिरीज ८०’ पासून आली.

सोबत सापडलेली जुनी जिवंत काडतुसे मात्र उडवून पाहू नयेत. ओल लागलेल्या काडतुसाचा बार कधी कधी नुसता फुसका आवाज करतो, गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार उडताच नळी फुटते. नुसताच ‘टक्’ झाला, तर बार काही क्षण उशिराने उडू शकतो. म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबतात. शिवाय जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतले क्षारयुक्त अवशेष नळीत मागे राहून ओल ओढतात आणि काही दिवसांत गंज चढवतात. ते क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात; हे ठाऊक नसल्यामुळे भरपूर तेल लावूनही कित्येकांच्या नळ्या खराब झाल्या.

सहावी पायरी : स्वतःला विचारायचे प्रश्न

आता पिस्तूल काय आहे आणि कोणत्या स्थितीत आहे हे कळले आहे. पुढचा प्रश्न असा, की ते तुमच्या आयुष्यात कोणते काम करते?

‘स्वसंरक्षण’ हे उत्तर सर्वांत आधी येते. त्या उत्तराची कसोटी सोपी आहे : गेल्या वर्षभरात तुम्ही त्या पिस्तुलाने किती वेळा सराव केला? ज्या शस्त्राचा सराव नाही, ज्याच्या स्प्रिंगा कोणी तपासल्या नाहीत आणि ज्यातली काडतुसे कधीची आहेत हे आठवत नाही, ते अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत मालकाचे रक्षण करील ही अपेक्षा फार मोठी आहे. संरक्षणाची खरी गरज असेल, तर वर्षानुवर्षे पडून असलेल्या जुन्या पिस्तुलाने ती भागत नाही.

दुसरा प्रश्न घरातल्या माणसांचा आहे आणि तो मोकळेपणाने विचारायला हवा. घरात लहान मुले आहेत का? कोणी खोल नैराश्यातून, व्यसनातून किंवा मोठ्या दुःखातून जात आहे का? कोणाला स्मृतिभ्रंश होऊ लागला आहे का? बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या दहा प्रयत्नांपैकी सुमारे नऊ प्राणघातक ठरतात; इतर बहुतेक मार्गांत वाचण्याची आणि वाचवले जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. तो क्षण पुष्कळदा थोडा वेळच टिकतो आणि तेवढ्या वेळात शस्त्र हाताशी नसणे हेच वाचवते. या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर ठेवावे की विकावे याचा खल पुढे ढकलावा आणि परवाना अधिकारी किंवा विक्रेत्याकडे सुरक्षित जमा करण्याची सोय आहे का ते आजच विचारावे. मी हे कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. किंमत आणि आठवणींच्या बोलण्यात हा प्रश्न मागे पडतो, म्हणून लिहितो.

उरतो आठवणीचा भाग. आठवण हे ठेवण्याचे पुरेसे कारण असू शकते, पण ती कोणाची आहे हे पाहावे. तुमच्या पश्चात ज्याच्या हाती हे शस्त्र येईल, त्याला ते हवे आहे का आणि परवाना मिळण्यास तो पात्र आहे का, हे आजच त्याला समोर बसवून विचारावे. पुष्कळदा मुलगा किंवा मुलगी शांतपणे सांगते की, होल्स्टर आणि फोटो मी ठेवीन, पिस्तूल नको. हे उत्तर ऐकून वाईट वाटते, पण निर्णय सोपा होतो. नेमबाजी शिकायची इच्छा असेल, तर एखाद्या मान्यताप्राप्त रेंजवर तीन-चार वेळा जाऊन पाहावे. तिथला आनंद खरा असेल, तर जुन्या पिस्तुलाला पुन्हा काम मिळते.

ठेवायचे ठरले तर

पिस्तूल रिकामे करून, भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या केलेल्या कुलूपबंद पेटीत ठेवावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. चावी किंवा संकेतांक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल, तर त्या कुलपाला अर्थ नाही. चामडी होल्स्टरमध्ये पिस्तूल कधीही साठवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये धातूला खातात. मामांच्या रिव्हॉल्व्हरवरचे ते तपकिरी ठिपके होल्स्टरच्या शिवणीच्या ओळीत, टाक्यामागून टाका असेच उमटलेले होते. फोमचे अस्तर असलेली खोकीही याच कारणाने टाळावीत. पेटीतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहावी, त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. वर्षातून दोन ठरलेल्या तारखांना पिस्तूल बाहेर काढून, रिकामे असल्याची पुन्हा खात्री करून, पुसून, तेलाचा हात देऊन ठेवावे आणि वहीत तारीख लिहावी. सलग दोन तारखा चुकल्या, तर सहाव्या पायरीवर परत यावे.

विकायचे ठरले तर

परवानाधारक विक्रेत्याला थेट विकल्यास काम लवकर होते, पण भाव कमी मिळतो, कारण ते शस्त्र सांभाळून पुढे विकण्याची जोखीम त्याची असते. त्याच्याकडे विक्रीसाठी ठेवून, विकले गेल्यावर ठरलेली दलाली देण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. शस्त्र दुर्मीळ असेल, क्रमांक जुळत असतील किंवा त्याचा लेखी इतिहास असेल, तर शस्त्रांचा अनुभव असलेल्या लिलावगृहाकडे जावे. भावाचा अंदाज घेताना लोक मागत असलेल्या किमती पाहू नयेत; प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात आणि किमान दोन स्वतंत्र मते घ्यावीत. शस्त्र निकामी करून शोभेसाठी ठेवण्याचा पर्याय काही देशांत आहे. तो कायमचा असतो आणि त्यात बाजारमूल्य बहुतांशी संपते, हे लक्षात घेऊनच तो निवडावा.

ओळखीच्या माणसाला विकतानाही व्यवहार परवाना अधिकाऱ्याच्या किंवा परवानाधारक विक्रेत्याच्या मार्फतच करावा. आधी खरेदीदाराची कागदपत्रे तपासावीत, मग शस्त्र दाखवावे. ‘आज घेऊन जातो, कागद पुढच्या आठवड्यात करू’ या बोलण्याला, ते सख्ख्या नातेवाइकाचे असले तरी, ठाम नकार द्यावा. नोंद बदलेपर्यंत त्या पिस्तुलाने जे काही होईल, त्याचा पहिला जाब तुम्हालाच द्यावा लागेल. पाहायला आलेल्या माणसाने रिकामा चाप ओढून पाहण्याची परवानगी मागितली, तर नम्रपणे थांबवावे. जुन्या सुया त्याने तुटतात आणि .२२ च्या शस्त्रात सुई चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडते. कारागिराने सांगितलेले दोष पावतीवर लिहून द्यावेत. किंमत थोडी कमी आली तरी चालेल, पण चीर गेलेली चौकट लपवून दिलेले पिस्तूल उद्या कोणाच्या तरी हातात फुटेल.

व्यवहार झाल्यावर हस्तांतराच्या पावतीची प्रत कायमची जपावी आणि परवान्यावरची नोंद रद्द झाल्याचे लेखी घ्यावे. त्यानंतर घर एकदा सावकाश धुंडाळावे : जुन्या कोटाचे खिसे, शिवणाच्या डब्याचा तळ, पिस्तूल ज्यात गुंडाळलेले असे त्या कापडाच्या घड्या. सुटी जिवंत काडतुसे अशाच ठिकाणी सापडतात. ती कचऱ्यात, विस्तवात किंवा पाण्यात टाकू नयेत; मोजून, डब्यात घालून, आधी दूरध्वनी करून त्याच विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे जमा करावीत आणि त्यांचीही पोच घ्यावी.